यंत्राला शिकविणारा माणूस : जपानच्या कारखानदारीतील यंत्रमानवांचा इतिहास



ज्या शाळेत मी बाराखडी गिरविली त्या शाळेने कै. गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मी आयुष्यभर मराठी भाषा व साहित्य शिकविले. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. तरीही आजच्या विषयाकडे मला ढकलले ते गणिताच्या गुरुजींनीच, हे थोडे उलगडून सांगतो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. त्याआधी आठवडाभर गुरुजी आम्हां मुलांना एका गिरणीच्या आवारात नेत. तेथे झांकीतील पुतळ्यांचे हात, माना, डोळे हलविणारी यंत्रे जुळविण्याचे काम चाललेले असे. रावणाचा हात वर जातो तो कोणत्या चाकामुळे, किती फेऱ्यांत, याची आकृती गुरुजी आमच्याकडून वहीत काढून घेत. हे काम करणारे बहुतेक जण गिरणीचे कामगारच होते. त्यांच्यापैकी एक, माझ्या एका वर्गमित्राचे वडील, माग खात्यात होते. गिरणी बंद पडून बरीच वर्षे झाल्यावर ते मला एकदा म्हणाले, “नवी यंत्रे येणार, नवी यंत्रे येणार नाहीत, गिरणी चालणार, गिरणी बंद होणार, या चारही वार्ता आम्हांला चहाच्या टपरीवर कळल्या.”

आपल्या देशातील कापडगिरण्या नवे यंत्र आल्यामुळे बुडाल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जुनाट यंत्रसामग्री आणि यंत्रमागांची स्पर्धा ही त्यांच्या ऱ्हासाची मोठी कारणे होती. परंतु त्या गृहस्थांची तक्रार यंत्राविषयी नव्हतीच. तक्रार होती ती वार्ता कोठे कळली याची. ज्या देशात कामगाराला ती वार्ता कारखान्याच्या आत, वेळेवर आणि काही हमीसह मिळाली, तेथे यंत्राचे काय झाले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना मी जपानपर्यंत पोहोचलो.

शब्दाचा मागोवा

आरंभ शब्दापासून करणे ही माझी व्यावसायिक खोड आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांनी, ‘आर. यू. आर.’ या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात. शब्द सुचविला तो त्यांचे चित्रकार बंधू जोसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : ‘वेठ’. संस्कृत ‘विष्टि’ शब्दापासून तो आला. तेव्हा ‘रोबोट’चा खरा मराठी अर्थ ‘वेठीला धरलेला’ असा होईल. आपण मात्र ‘यंत्रमानव’ असा भारदस्त शब्द घडविला आणि त्यात वेठीची आठवण पुसून गेली. आणखी एक गंमत अशी की, चापेक यांचे रोबोट धातूचे नव्हते. ते रासायनिक रीतीने घडविलेले सजीव मजूर होते. याउलट कारखान्यातील यंत्रमानव मनुष्यासारखा दिसतच नाही. तो बहुधा एकच लांब हात असतो आणि त्याचे काम नवे संकेत भरून बदलता येते. इतर यंत्रांहून त्याचे वेगळेपण याच गुणात आहे.

हलत्या पुतळ्यांचे कुतूहल आपल्या माळव्यालाही जुनेच. येथून जवळच असलेल्या धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या अकराव्या शतकातील ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात यांत्रिक द्वारपालांची, नाचणाऱ्या पुतळ्यांची वर्णने आहेत. मात्र ही यंत्रे प्रत्यक्ष कशी जुळवावीत ते ग्रंथकार सांगत नाही. हे अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असा खुलासाही तो करतो. जपानमध्ये १७९६ साली होसोकावा हान्झो यांचा ‘काराकुरी झुई’ हा ग्रंथ छापला गेला. घड्याळे आणि चहाचा पेला घेऊन चालत येणारी बाहुली कशी करावी, हे त्यात आकृत्यांसह उघड मांडले आहे. दोन ग्रंथांवरून दोन समाजांचा निवाडा करू नये, हे मी जाणतो. पण ज्ञान कोणाला सांगावयाचे आणि कोणापासून राखावयाचे, हा धागा पुढे आपल्याला पुन्हा भेटेल.

जन्म अमेरिकेचा

औद्योगिक यंत्रमानवाचा जन्म अमेरिकेत झाला. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये आपल्या कल्पनेच्या एकाधिकारासाठी अर्ज केला व १९६१ मध्ये तो मंजूर झाला. १९५६ मध्ये एका मेजवानीत त्यांची गाठ जोसेफ एंगेलबर्गर या अभियंत्याशी पडली आणि त्यातून ‘युनिमेशन’ ही कंपनी उभी राहिली. १९६१ साली ‘युनिमेट’ नावाचा त्यांचा यांत्रिक हात न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात काम करू लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम. माणसाचे हात भाजणारे ते काम होते, म्हणून त्याच्या आगमनाने फारसे कोणी दुखावले नाही.

पुढची पायरी मात्र निराळी होती. ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथील कारखान्यात १९७० च्या सुमारास जनरल मोटर्सने मोटारींच्या सांगाड्यांचे जोडकाम युनिमेटकडे सोपविले आणि तासाला शंभर मोटारी अशा वेगाने साखळी चालविली. यंत्राची गती माणसांना लावली गेली, कामाचा बोजा वाढला आणि मार्च १९७२ मध्ये कामगार बावीस दिवस संपावर गेले. यंत्र उत्तम होते. ते आणताना कामगारांशी करावयाचा संवाद झाला नव्हता. युनिमेशनला पहिला नफा दिसण्यास १९७५ साल उजाडावे लागले. १९८३ मध्ये ती कंपनी वेस्टिंगहाउसने विकत घेतली व काही वर्षांतच तिचे उरलेले अंग एका युरोपीय कंपनीकडे गेले. ज्या देशाने यंत्रमानव जन्माला घातला, त्या देशातील ही अग्रेसर कंपनी तीस वर्षेही स्वतंत्रपणे टिकली नाही.

जपानमध्ये का रुजला?

१९६७ मध्ये एंगेलबर्गर टोकियोस व्याख्यानासाठी गेले, तेव्हा त्यांना ऐकावयास शेकडो उद्योजक व अभियंते जमले. मायदेशी असा श्रोतृवर्ग त्यांना लाभला नव्हता. १९६८ मध्ये कावासाकी कंपनीने युनिमेशनशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि १९६९ मध्ये जपानमध्ये घडलेला पहिला औद्योगिक यंत्रमानव ‘कावासाकी-युनिमेट’ बाहेर पडला. १९७२ मध्ये उत्पादकांची संघटना स्थापन झाली. १९७७ मध्ये यास्कावा कंपनीने पूर्णतः विजेवर चालणारा यंत्रमानव आणला. १९७८ मध्ये यामानाशी विद्यापीठातील प्राध्यापक हिरोशी माकिनो यांनी ‘स्कारा’ नावाच्या साध्या, वेगवान व स्वस्त हाताचा नमुना तयार केला. छोटे सुटे भाग जुळविण्यासाठी तो इतका उपयुक्त ठरला की विद्युत उपकरणांच्या कारखान्यांचे चित्र त्याने पालटले. १९८० हे वर्ष तर जपानी लोक यंत्रमानवाच्या ‘प्रसाराचे पहिले वर्ष’ म्हणून ओळखतात. त्याच वर्षी यंत्रमानव भाड्याने देणारी एक कंपनी उत्पादक व विमा कंपन्यांनी मिळून उभारली. तिला सरकारी विकास बँकेचे कमी व्याजाचे कर्ज होते. त्यामुळे पाच-पन्नास माणसांच्या कारखानदारालाही यंत्रमानव दारी आणता आला. १९८०-८१ च्या हिवाळ्यात फुजी पर्वताच्या पायथ्याशी फानुक कंपनीचा जो कारखाना सुरू झाला, तेथे रात्री माणसांवाचून यंत्रेच यंत्रांचे भाग घडवू लागली. १९९० च्या सुमारास जगातील निम्म्याहून अधिक औद्योगिक यंत्रमानव एकट्या जपानमध्ये होते. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जपानी गणनेत साधे उचल-ठेव करणारे हातही धरले जात आणि अमेरिकन लोक ते वगळीत. तथापि हा फरक वजा केला तरी जपानची आघाडी मोठीच राहते.

हे असे का झाले? साहित्याच्या माणसाला एक उत्तर मोहात पाडते. जपानी लोक निर्जीव वस्तूतही चैतन्य पाहतात. ओसामू तेझुका यांनी चित्रकथेतून जन्मास घातलेला अणुशक्तीचा यंत्रबालक त्यांच्या मुलांचा लाडका. कामगार यंत्रमानवांना आवडत्या गायिकांची नावे देत असत. तेव्हा हा सारा संस्कृतीचा प्रभाव. मीही काही काळ या उत्तरावर समाधानी होतो. पण ज्या संस्कृतीने यंत्राशी मैत्री शिकविली म्हणावे, तिच्याच कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर मालक-मजुरांचे तुंबळ संघर्ष झाले. १९५० मध्ये टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, तेव्हा सुमारे दोन हजार कामगारांना जावे लागले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. १९५३ मध्ये निस्सान कंपनीत दीर्घ संप व टाळेबंदी झाली. या जखमांमधून मोठ्या कंपन्यांत एक तडजोड आकारास आली. कंपनीने कायम कामगाराला निवृत्तीपर्यंत सांभाळावयाचे आणि कामगाराने कंपनी सांगेल ते काम, सांगेल त्या विभागात शिकून करावयाचे. ‘मी वेल्डर’ असे न म्हणता ‘मी अमुक कंपनीचा’ असे म्हणणारा कामगार यातून घडला. वेल्डरचे काम यंत्राने घेतले तरी त्याची नोकरी जात नव्हती.

तडजोडीला परिस्थितीची साथ होती. १९६० च्या दशकात जपानी उद्योग इतक्या वेगाने वाढले की माणसेच मिळेनात. खेड्यांतून शाळा संपवून रेल्वेने थव्याथव्याने शहरांत येणाऱ्या पोरांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत, इतकी त्यांची मागणी होती. अशा वेळी यंत्रमानव आला तो घाण, उष्ण व धोक्याची कामे घेण्यास. रंगकामाचे विषारी फवारे, वेल्डिंगच्या ठिणग्या, ओतकामाची धग. जी कामे तरुण टाळू लागले होते तीच त्याने उचलली.

यंत्राचा गुरू

या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आता सांगतो. त्या पिढीतील यंत्रमानवाला काम समजत नसे. त्याला ते शिकवावे लागे. अभियंते या क्रियेला ‘शिकविणे’ असेच म्हणत आणि आजही म्हणतात. रंगाऱ्याने यंत्राचा हात आपल्या हातात धरावयाचा, मोटारीच्या दारावरून आपल्या सवयीने एकदा फिरवावयाचा. यंत्र ती हालचाल स्मृतीत साठविते आणि पुढे हजारो वेळा तशीच करते. जोडकामात कामगार एकेक बिंदू दाखवीत जातो. म्हणजे यंत्राच्या हालचालीत जे कौशल्य दिसते ते वीस-पंचवीस वर्षे त्या कामात मुरलेल्या माणसाचे असते. आपल्या हाताचे अक्षर बाळाला गिरवावयास लावणाऱ्या शिक्षकाचेच हे काम.

पण शिक्षक आपले ज्ञान मोकळेपणी केव्हा देतो? विद्यार्थी आपली भाकरी हिरावणार नाही, अशी खात्री असते तेव्हा. ज्याला उद्या आपण नकोसे होणार हे ठाऊक आहे, तो हातचे राखून शिकवील. ग्रंथात यंत्राची रचना न सांगणाऱ्या त्या जुन्या सूत्रधाराप्रमाणे तोही गुप्तता पाळील आणि त्याला दोष देता येणार नाही. जपानच्या मोठ्या कारखान्यांत १९६२ पासून गुणवत्ता मंडळांची पद्धत रुळली होती. छोट्या गटांत बसून काम कसे सुधारावे हे कामगारच सुचवीत. यंत्रमानव आल्यावर तो कोठे उभा करावा, कोठे अडतो, हेही त्यांनीच सांगितले. १९८३ मध्ये निस्सान कंपनी व तिच्या कामगार संघटनेने नव्या यंत्रांविषयी लेखी करार केला. यंत्र आणण्याआधी संघटनेशी विचारविनिमय, त्यापायी कोणास कामावरून काढणे नाही, दर्जा वा वेतन घटविणे नाही आणि आवश्यक ते प्रशिक्षण, असा त्याचा आशय होता. ज्या कंपनीने तीस वर्षांपूर्वी टाळेबंदी पाहिली होती, तिनेच हा करार करावा, यात इतिहासाचा धडा आहे.

हाच धडा दुसऱ्या टोकाने अमेरिकेतही सिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांनी मिळून तो पुन्हा उघडला व बहुतेक जुन्याच कामगारांना परत घेतले. तेथे यंत्रसामग्री अत्याधुनिक नव्हती. पण कामगाराला साखळी थांबविण्याचा अधिकार होता आणि मंदीत काढून न टाकण्याचे वचन होते. १९८७-८८ मध्ये मागणी घटली तेव्हा माणसांना घरी न पाठविता शिकविण्यात आले. त्या कारखान्याच्या मोटारी गुणवत्तेत जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांना मागे टाकीत. त्याच दशकात ती कंपनी अन्यत्र यंत्रमानवांवर अफाट पैसा ओतत होती आणि तसे फळ तिला मिळत नव्हते.

कराराबाहेरची माणसे

या चित्राला काळी बाजू आहे आणि ती लपविणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. ४ जुलै १९८१ रोजी कावासाकीच्या आकाशी येथील कारखान्यात दुरुस्तीचे काम करणारा सदतीस वर्षांचा कामगार यंत्रमानवाच्या हाताखाली सापडून मरण पावला. १९८३ मध्ये कामगार-सुरक्षेचे नियम सुधारून यंत्रमानवाभोवती कुंपण आणि त्याच्याशी काम करणाऱ्यास विशेष प्रशिक्षण बंधनकारक झाले. नियम आला, पण एका माणसाच्या मृत्यूनंतर आला.

दुसरे असे की, निवृत्तीपर्यंतची हमी होती ती मोठ्या कंपन्यांच्या कायम, बहुतांशी पुरुष कामगारांना. सुटे भाग पुरविणारे छोटे कारखाने, अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रिया, शेतीचा हंगाम संपल्यावर येणारे हंगामी मजूर हे सारे त्या छपराबाहेर होते. पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७२-७३ मध्ये सहा महिने टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले. साखळीवरच्या माणसाची दमछाक त्यांनी पुस्तकरूपाने मांडली, ती मुळातून वाचावी. १९९१ नंतर जपानची आर्थिक घोडदौड थांबली, तेव्हा कंपन्यांनी आतल्यांना दिलेले वचन बऱ्याच अंशी पाळले आणि दार मात्र नव्यांसाठी लावून घेतले. त्या काळात शिक्षण संपविलेल्या तरुणांच्या पिढीला तेथे ‘नोकऱ्यांच्या हिमयुगातील पिढी’ म्हणतात. यंत्राने ज्याला काढले नाही तो दिसतो. ज्याला घेतलेच नाही तो कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

यंत्रमानवांच्या वापरातही जपान आज पहिला नाही. २०१३ पासून नव्या यंत्रमानवांची सर्वांत मोठी बाजारपेठ चीन ही आहे. २०२३ मध्ये जगात बसविलेल्या सुमारे ५,४१,००० नव्या यंत्रमानवांपैकी सुमारे २,७६,००० चीनमध्ये होते. दर दहा हजार कारखाना-कामगारांमागे त्या वर्षी दक्षिण कोरियात १,०१२, चीनमध्ये ४७०, जर्मनीत ४२९, तर जपानमध्ये ४१९ यंत्रमानव होते. यंत्रमानव घडवून जगाला पुरविण्यात मात्र जपानचे स्थान अद्याप अग्रभागी आहे.

आपल्या दारी

आपल्या देशात २०२३ मध्ये ८,५१० नवे औद्योगिक यंत्रमानव बसले. तो तोवरचा उच्चांक होता. २०२४ मध्ये ही संख्या नऊ हजारांच्या वर गेली. त्यांतील मोठा वाटा मोटार उद्योगाचा. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोने २०१० पासून कुंपणाविना माणसाशेजारी काम करणारे हात वापरावयास घेतले. चीनच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. परंतु चढण सुरू झाली आहे आणि आज या सभागृहात बसलेली मुले नोकरीच्या वयात येतील तेव्हा ती बरीच उंचावर असेल.

आपल्याकडे कायदा मुका नव्हता. कामगार कमी होतील अशी यंत्रसुधारणा करताना मालकाने एकवीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी, अशी तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये होती. त्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली; तिच्यातही पूर्वसूचना आहे. शिवाय कामावरून कमी केलेल्या कामगाराच्या नव्या शिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी, असेही आहे. पण पूर्वसूचना म्हणजे विचारविनिमय नव्हे आणि पंधरा दिवसांच्या पगारात पंचवीस वर्षांचे कसब नव्याने घडत नाही. त्यातच आपल्या संघटित कारखान्यांत दर पाच कामगारांपैकी सुमारे दोन कंत्राटी आहेत. यंत्राचा हात धरून त्याला शिकविणारा माणूस ज्या कारखान्याचाच नाही, त्याच्याशी करार कोणी करावयाचा? जपानमध्ये जे छपराबाहेर राहिले त्यांची संख्या आपल्याकडे आरंभापासूनच मोठी आहे.

वचन नसले की काय होते, हे या शहराला शिकवावयास नको. येथील हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची थकलेली सुमारे २२४ कोटी रुपयांची देणी चुकती करण्याची व्यवस्था झाली ती २५ डिसेंबर २०२३ रोजी. ज्यांच्या नावे ती रक्कम आली त्यांतील अनेक जण तोवर हयात नव्हते. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी अनंत चतुर्दशीला झांक्या मात्र अजून निघतात. आपले कसब त्या कामगारांनी हातचे न राखता पुढच्यांना दिले, म्हणूनच हे घडले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे अभियंता होईल, कोणी कारखानदार, कोणी कामगार. यंत्र आणण्यास भिऊ नका; जो देश भिऊन मागे राहिला त्याच्या कामगाराचे कल्याण झाल्याचे मला आढळले नाही. मात्र यंत्र आणण्याची वार्ता ज्याच्या हातचे काम जाणार आहे त्याला सर्वांआधी सांगा, त्याला विचारा आणि त्याचे उद्याचे काम कोणते ते लिहून द्या. गुरुजी आकृती तपासताना एकच पाहत : फिरणारे चाक कोणत्या खुंटीवर टेकले आहे, ती खुंटी मुलाने काढली आहे की नाही. खुंटी नसेल तर वही परत देत. आपल्या कारखानदारीच्या आकृतीत ती खुंटी काढावयाची अद्याप राहिली आहे.